आकाश निरभ्र

"नाना, वही काढा. गारा कवय पडन्यात ते त्यामा लिखेल व्हई," झुंबरबाई ओट्यावर बसता बसता म्हणाली. मी पाणी दिलं, ते तिने तसंच बाजूला ठेवलं.

नाना म्हणजे आमचे हे. एरंडोलच्या वाचनालयात ग्रंथपाल. पुस्तकांना वाळवीपासून वाचवावं आणि संध्याकाळी कुलूप लावावं, एवढंच खरं तर काम. पण ह्यांनी स्वतःच्या अंगावर आणखी एक लावून घेतलेलं होतं. वाचनालयाबाहेर काळा फळा, त्यावर रोज सकाळी खडूने चार ओळी: तिथी-वार, कालचा उष्मा आणि पाऊस, सणावर दोन शब्द, आणि खाली 'आजच्या दिवशी', म्हणजे त्याच तारखेला मागे काय घडलं ते. पोळ्याला एकदा लिहिलं, 'आज बैलांना सुट्टी. त्यांचं पाहून माणसांनी शहाणं व्हावं.' त्या दिवशी कचेरीतले दोन कारकून घरी निघून गेले म्हणतात.

पाऊस मोजायचा तो आमच्या घराच्या सपाट धाब्यावर, पत्र्याचं नरसाळं बरणीत बसवून. मग सगळं वहीत. अशा एकवीस वह्या, एकीतही खाडाखोड नाही. मी एकदा हिशोबाला कागद नव्हता म्हणून कोरं पान फाडलं, तर आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी. विहीर कोणत्या साली आटली, नदीला पूर कधी आला, यावरून भांडणं झाली की माणसं आमच्याच ओट्यावर येत. कोर्टातसुद्धा दोनदा वही गेलेली. गावाला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा वहीचा भरवसा जास्त.

झुंबरबाईचं काम साधं होतं. तिची बेबी सातवी पास. जळगावला दवाखान्यात नर्सचं शिक्षण मिळत होतं, राहणं-जेवण तिथेच. अट एक, एक मे सत्तावन्नला अठरा वर्षं पुरी हवीत. आणि शाळेच्या दाखल्यावर तारीख होती एक जून एकोणचाळीस.

"मास्तरनी बठ्ठा पोरेस्ले एकच तारीख दिधी," झुंबरबाई म्हणाली. "मनी बेबी अखाजीना दुसरा दिन जनमनी, गारास्मा. पत्रा इतला वाजे, का सुईनले मनं वरडनं बी आयकू ये ना. मामलेदार म्हने, गारा कोनता साले पडन्यात ते नानानी वहीमा दखाड, मी तारीख बदली देस. ह्या साल नही गयी ते तिना काका तिनं लगीन लाई दी."

ह्यांनी एकोणचाळीसची वही काढली. पान उघडलं आणि तसेच उभे राहिले. मी मागून डोकावले. सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, 'आकाश निरभ्र. पाऊस शून्य.'

"इथं गारा नाहीत, झुंबराक्का," हे हळू म्हणाले.

"मंग मी खोटी शे, का वही खोटी शे?"

ती उठली आणि गेली. पाणी तसंच राहिलं.

आता माझं ऐका. त्या वर्षी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलातच आली होती आणि मी धुळ्याला माहेरी होते. लग्नाला दुसरंच वर्ष. लेकींना न्यायला सासरहून कुणी दीर येतो, कुणी सासरा. मी निरोप पाठवला होता की स्वतः याल तरच मी निघेन. हे आले, आणि मी म्हटलं, एक दिवस राहा, लिंबावरचे झोके अजून उतरले नाहीत. अखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंगणात उभे राहून आभाळ बघत होते. मी हसून म्हटलं, "पाऊस काही तुमच्यावाचून पडायचा राहत नाही." धुळ्यात आभाळ लख्ख होतं.

घरी आलो तर अंगणातल्या केळीच्या पानांच्या चिंध्या झालेल्या. मी विचारलंसुद्धा, हे काय झालं? हे म्हणाले, वारा असेल. मला नवल वाटलं, पण नव्या नवरीने किती विचारायचं?

झुंबरबाई येऊन गेली त्या संध्याकाळी हे जेवले नाहीत.

"धुळ्याला निघताना, उशीर झाला तर म्हणून, तीन दिवसांचं आधीच भरून ठेवलं होतं मी," वहीकडे बघत म्हणाले. "वैशाखात आणखी काय होणार, असं वाटलं. परत येऊन बघतो तर बरणीत पाणी आणि वहीत शाई वाळलेली."

"मग खोडायचं ना."

"खोडलं असतं तर आधी लिहून ठेवलेलं, हे दिसलं असतं."

आणि त्यावर कडी म्हणजे दरवर्षी त्या तारखेला फळ्यावर 'आजच्या दिवशी, १९३९ : आकाश निरभ्र' असंच येत राहिलं. गारा सगळ्या गावाने अंगावर घेतलेल्या. पण फळा वाचून एकेक जण म्हणू लागला, मग ते साल दुसरं असेल. कुणी अडतीस म्हणे, कुणी चाळीस. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तेवढी एक तिच्या सालावर ठाम राहिली.

"माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं, अजून वाटतं.

"तू एक दिवस राहा म्हणालीस. खोटं लिही म्हणाली नव्हतीस."

सकाळी मी फळ्यापाशी गेले. हे लिहीत होते. अक्षर नेहमीसारखंच. 'अखाजीचा दुसरा दिवस, १९३९ : एरंडोलात मोठ्या गारा. नोंद करणारा गावात नव्हता. त्याने खोटं लिहिलं.' खाली पूर्ण नाव, सुकदेव चिंधा वाणी.

वाचनालयाचे अध्यक्ष रुपचंदशेठ धावत आले. "अहो नाना, मामलेदाराच्या कानात सांगून मोकळं व्हायचं. गावापुढे कशाला?"

"खोटं गावापुढेच लिहिलं होतं, शेठ."

मग हे वही घेऊन कचेरीत गेले. मामलेदारांसमोर ती ओळ खोडली, शेजारी सही केली. मामलेदार म्हणाले, "तारीख बदलतो. पण नाना, ही वही आता मला पुराव्याला चालणार नाही." हे म्हणाले, "बरोबर आहे."

बेबी जळगावला गेली. ओट्यावर भांडणं घेऊन येणं थांबलं. समोरचा निंबा येता-जाता विचारायचा, "नाना, आज पाऊस पडना, का लिखी ठेवेल शे?" मी त्याला एकदा चांगलं झाडलं. हे पाऊस मोजत राहिले, फळा लिहीत राहिले. फक्त 'आजच्या दिवशी' एवढं लिहून खालची जागा कोरी सोडत. मी विचारलं तर म्हणाले, "आपल्याला तो अधिकार राहिला नाही."

पोळा होऊन गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं. झुंबरबाई ते घेऊन आली, वाचून घ्यायला. पत्ता तिचा होता, पण मजकूर ह्यांनाच. बेबीचं अक्षर मोठं, शाळकरी.

'नाना यांस नमस्कार. आज जळगावात आकाश निरभ्र आहे. गच्चीवर जाऊन मी स्वतः पाहिलं. बेबी.'

"काय लिखेल शे?" झुंबरबाईने विचारलं.

ह्यांनी तिला वाचून दाखवलं. दोनदा. मग चष्मा पुसला, टोपी घातली आणि खडू घेऊन बाहेर पडले. झुंबरबाई मागोमाग गेली, आणि चूल तशीच सोडून मीही.

'आजच्या दिवशी'च्या खाली ह्यांनी ते कार्ड जसंच्या तसं उतरवलं. शेवटी बेबीचं नाव घातलं. झुंबरबाई जवळ गेली. "यामा बेबीनं नाव कोनतं?" तिने विचारलं. ह्यांनी बोट ठेवून दाखवलं. खडू पुसला जाऊ नये म्हणून तिने हात लावला नाही, नुसती बघत राहिली.