नऊ पत्रांची तारीख

सर्बियातल्या उझित्से गावच्या खिडक्यांच्या कारखान्यात मला वर्षभराच्या करारावर सल्लागार म्हणून बोलावलं, तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा होता. बेलग्रेडचा माणूस, वय तेहतीस, काखेत लॅपटॉप. महिनाभरात मी नऊ माणसं जास्तीची ठरवली. नववं नाव देसांकाबाईंचं. वय छप्पन, रजा, हजेरी, पत्रव्यवहार, सगळं ऑफिस त्याच बघायच्या. ‘हे काम संगणक करेल,’ असं मी अहवालात ठोकून दिलं आणि कामावरून काढल्याची नऊ पत्रं निर्लज्जपणे त्यांच्याच टेबलावर ठेवली.

त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. स्वतःच्या पत्राशी जरा थांबल्या, एवढंच.

“एकोणीस डिसेंबर कुणी ठरवला?”

“मीच. शुक्रवार आहे. शनिवार-रविवारात माणूस सावरतो.”

“सर्ब आहेस ना रे? की आईनं कुठून उचलून आणलंय तुला?”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. संत निकोलाचा दिवस. त्या दिवशी अर्ध्या गावाच्या घरी स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण असतो. आमच्या घरच्या संताचा दिवस मे महिन्यात, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही.

“यातले पाच जण त्या दिवशी रजेवर,” त्या म्हणाल्या. “म्हणजे पत्र घरी जाणार. मेणबत्ती पेटलेली, पाव कापायचाय, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा टपालवाला दारात. आणि मिलुतीनला पत्र पाठवू नकोस. त्याच्या बायकोला आठवा महिना चाललाय, पत्र तीच आधी फोडेल. त्याला बोलावून सांग.”

हे सांगताना त्यांनी एकही फाइल उघडली नाही. आठ पत्रांवर सोमवारची तारीख घातली. नववं तसंच ठेवलं.

“तुमचीही स्लावा एकोणीसलाच ना?”

“माझं मी वाचलंय की. मला आता कसला धक्का बसणार?”

मला स्वतःची लाज वाटली. आठ वर्षं मी माणसांच्या नोकऱ्यांवर सल्ले विकतोय, पण हे काम खरं कोणाला येतं ते मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी संचालक रादिसावना म्हटलं, “या बाईंना घालवू नका. उलट कर्मचाऱ्यांचा सगळा विभाग त्यांच्याकडे द्या.”

“नऊ म्हणजे नऊ,” ते म्हणाले. “त्यांच्या जागी दुसरं नाव आणा.”

मी आणलं.

एकोणीसला वाइनची बाटली घेऊन देसांकाबाईंच्या घरी गेलो. स्लावाला आमंत्रण लागत नाही. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, मांस चालत नाही पण मासे चालतात, म्हणून टेबलभर मासे. त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी गोड गव्हाचा चमचा हातात दिला. मी हळूच म्हटलं, “तुमचं पत्र रद्द झालं. नवीन वर्षापासून विभागप्रमुख तुम्ही.”

त्या हसल्या नाहीत. मला बाजूला घेतलं.

“माझ्या जागी कोणाचं नाव घातलंस?”

“माझं. वर्षभराचा करार होता.”

त्यांनी माझ्या ताटात माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

“पोटभर जेव,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून तुलाही काम शोधायचंय.”