पंच गप्प राहिला

सुदर्शनचा हात भाजला त्याला वर्ष होत आलं होतं. चितेगावच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन होता. त्या दिवशी त्यानं एका जुन्या पॅनलचा खटका पाडला, दारावरचे दिवे विझलेले पाहिले आणि वीज गेली असं धरून दार उघडून आत मीटर लावायला गेला. आतल्या स्विचचं एक पातं चिकटून वरच राहिलं होतं. त्या पात्याच्या तारेचा दिवा केव्हाचाच जळून गेला होता, पण विझलेला दिवा आणि जळालेला दिवा दिसायला सारखाच. डोळ्यांसमोर पांढरा लोळ उठला. भुवया परत आल्या. उजव्या हाताची कातडी मात्र कोपरापर्यंत सुरकुतलेल्या पापडासारखी राहिली.

तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कामावर परतला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, निभावलं. पण पॅनलच्या दाराकडे हात नेला की त्याच्या तळव्याला घाम सुटे, कानात शिट्टी वाजे, आणि हात आपोआप खाली येई. हे फक्त त्याच्या बायकोला, अपेक्षाला ठाऊक होतं. पॅनल उघडता न येणारा इलेक्ट्रिशियन कुणाला हवा असतो? म्हणून तो आवारातले दिवे, पंखे, केबल ओढणं अशी कामं स्वतःहून मागून घेई. लोक म्हणत, पोरगा कामसू आहे.

मग देखभाल विभागाच्या प्रमुख म्हणून आलेल्या चारुता मॅडमनी पत्रा दाबणाऱ्या प्रेस लाइनच्या पॅनलच्या दारावर एक छोटं यंत्र बसवून घेतलं. आत वीज उरली आहे का, हे ते दार न उघडता तपासायचं. त्यांनी ते सगळ्यांना हळू आवाजात, घाई न करता समजावलं होतं. बटण दाबलं की यंत्र आधी स्वतःचीच परीक्षा घेतं. मग आपल्या तारा आतल्या तांब्याच्या पट्ट्यांना खरंच टेकल्या आहेत का ते बघतं, मग पट्ट्यांवर वीज आहे का ते बघतं, आणि शेवटी पुन्हा एकदा स्वतःला तपासतं. सगळं जुळलं तरच हिरवा दिवा लागतो.

"आणि नाही लागला," मॅडम म्हणाल्या होत्या, "तर वीज आहेच असं नाही. त्याला माहीत नाही, एवढंच. आणि त्याला माहीत नाही म्हणजे आपल्यालाही नाही."

फिटर लोकांनी यंत्राचं नाव पंच ठेवलं, निवाडा तेच देतं म्हणून. थट्टेनंच, पण सुदर्शनला त्या पंचाचा भारी आधार वाटू लागला. हिरवा लागला की त्याचा हात दारापर्यंत जाई. घाम सुटायचा, तरी जाई.

एके दिवशी ऐन दुपारी प्रेस लाइन बंद पडली. बाहेर माल न्यायला गाडी उभी होती आणि उत्पादन बघणारे देवेश सर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. सुदर्शननं खटका पाडला, कुणी परत चढवू नये म्हणून त्याला आपलं कुलूप घातलं आणि बटण दाबलं. काहीच लागलं नाही. पुन्हा दाबलं. पंच गप्प.

सखारामकाका कारखान्यातले सगळ्यात जुने फिटर. ते दारावरचे विझलेले दिवे दाखवून म्हणाले, गेली की वीज, उघड. सुदर्शन हलला नाही. काकांचं म्हणणं असं की त्यांच्या उमेदीत असली खेळणी नव्हती. उलटा हात पट्टीला निसटता लावायचा, झटका बसला तर हात आपोआप मागं येतो, नाही बसला तर कामाला लागायचं.

"का रं, अंतरपाट धरायची वाट बघतो व्हय?" ते म्हणाले. दोघं-तिघं हसले. देवेश सरांनी फोनवर हात ठेवून विचारलं, काय अडलंय?

"सरक. मी उघडतो," काका म्हणाले आणि दाराच्या मुठीकडे वाकले.

सुदर्शननं फक्त बाजूला सरकायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. पण त्याचा भाजका हात वर गेला आणि दारावर सपाट टेकला. दार बंद राहील असा.

"नाय काका. नका उघडू."

"येडा झाला का?"

"मला भीती वाटती. वर्ष झालं. कुठलंबी पॅनल उघडताना वाटती." तो दाराकडे बघतच बोलत होता. "पण आत्ता थांबवलं ते भीतीनं नाय. पंच काय बोलला नाय. आपल्याला म्हाईत नाय."

कुणी हसलं नाही.

चारुता मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रान्सफॉर्मरकडचा मुख्य ब्रेकरच पाडायला सांगितला. म्हणजे अख्खा कारखाना बंद. देवेश सरांनी विरोध केला. गाडीवाल्याला काय सांगू, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, माझं नाव सांगा. ब्रेकर पडला, त्यालाही कुलूप लागलं. मशीनं एकेक करून थांबली. बटण पुन्हा दाबलं, तरी हिरवा नाहीच.

आता कुणीतरी जाड सूट आणि मुखवटा चढवून, मीटर घेऊन दार उघडायलाच हवं होतं. मॅडमनी सुदर्शनकडे बघितलं आणि सांगितलं की तू नाही म्हणालास तर मी बाहेरून माणूस बोलावीन, उद्या होईल काम.

त्यानं एकदा दाराकडे बघितलं. मग त्यानं सूट मागितला.

मीटर चालतो ना हे बघायला त्यानं तो आधी जनरेटरवरच्या चालू सॉकेटला लावून पाहिला, मग दार उघडून पट्ट्यांना, मग परत सॉकेटला. पट्ट्यांवर वीज नव्हती. पंचाची एक तार प्रेसच्या हादऱ्यांनी स्क्रूखालून ढिली झाली होती, बस. स्विचची सगळी पाती नीट खाली पडलेली होती, म्हणजे वीज पहिल्यापासूनच नव्हती.

"म्हणजे सखाराम बरोबरच होता," देवेश सर म्हणाले आणि गाडीवाल्याकडे निघून गेले.

सुदर्शननं मुखवटा काढला. चेहरा घामानं निथळत होता.

"काका बरोबर ठरले," मॅडम त्याला आणि काकांना दोघांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पण उघडायला निघाले तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. सुदर्शन, भीतीचं मला आधी का नाही सांगितलंस?"

"काम काढून घेतलं असतं, मॅडम."

"काढलं नसतं. तुझ्याबरोबर दुसरा माणूस दिला असता. उद्यापासून देते." मग त्या मुख्य ब्रेकरचं बघायला गेल्या.

काका तिथंच घुटमळले. पंचाची तार कसायची होती. ते पेचकस घेऊन सुदर्शनच्या शेजारी उकिडवे बसले. सूटची आणि आतल्या शर्टाची बाही वर सरकली होती. काका त्या हाताकडे बघत राहिले. दवाखान्यात ते भेटायला गेले होते, तेव्हा हात पट्टीत होता. उघडा त्यांनी आजच पाहिला.

"लई दुखलं व्हय?"

एवढ्या दिवसांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"तवा नाय, काका," सुदर्शन म्हणाला. "नंतर."

काकांनी मान हलवली. त्यांनी तार स्क्रूखाली नीट धरून ठेवली, आणि पेचकस सुदर्शनच्या हातात दिला.