ओली वादी

रखमाजी स्टिअरिंगखाली डोकं घालून ब्रेकच्या पेडलवर बांधलेल्या लाकडी ठोकळ्यावर मुठीनं ठोसे मारत होता. ठोकळा हलला नाही. मग क्लचच्या ठोकळ्यावर मारले, तोही हलला नाही. तरी त्याच्या जिवाला चैन पडेना. आता हलला नाही म्हणजे पुढं हलणार नाही असं थोडंच आहे, म्हणून त्यानं पुन्हा ब्रेकपासून सुरुवात केली.

"आवं, बास की आता," बाहेरून साखराबाई म्हणाली. "सकाळपासून चौथी बारी हाये ही. लाकडालाच टेंगूळ येईल."

तो मागं सरकत बाहेर आला. उभा राहिला की मोटारीच्या दाराच्या कडेवर त्याची हनुवटी टेके. वय तिशीच्या पुढचं, मिशी झुपकेदार, आवाज खणखणीत आणि उंची आठ वर्षांच्या पोराएवढी. साखराबाईनं सरकी काढलेला कापूस ठासून शिवलेली जाड गादी सीटवर ठेवली आणि दुसरी एक पाठीशी उभी केली. ती नवऱ्यापेक्षा हातभर उंच होती आणि लग्नाला सात वर्षं झाली तरी गावाला ही गंमत पुरत होती.

मोटार काकासाहेबांची. काकासाहेब जालन्यातले कापसाचे व्यापारी. त्यांना आता जालना ते राजूर अशी प्रवाशांची मोटार चालवायची होती. जुना ड्रायव्हर हैदराबादला निघून गेला, नंतरच्या दोघांनी गिअर फोडले आणि मग काकासाहेबांच्या लक्षात आलं की मोटारीची नस ओळखणारा माणूस एकच, पाच वर्षं तिच्यावर क्लीनर असलेला रखमाजी. फक्त त्याचे पाय पोचत नव्हते.

रेस हातानं देता येत होती; ब्रेक आणि क्लचच्या पेडलांसाठी भुजंग सुतारानं बाभळीचे वीतभर जाडीचे दोन ठोकळे करून दिले. ते स्क्रूनं पक्के करायचे म्हटल्यावर काकासाहेब आडवे आले. "भोकं पाडायची न्हाईत. उद्या मोटार विकायची म्हणलं तर गिऱ्हाईक काय म्हणंल?" म्हणून ठोकळे आधी सुतळीनं बांधले. आठव्या दिवशी बाजाराच्या वळणावर ब्रेकचा ठोकळा निसटला. समोरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी येत होती. मोटार मोळीला घासून गेली. म्हातारीनं शिव्या घातल्या, लोक खो खो हसले, आणि रखमाजीला दोन दिवस भाकरी गेली नाही. त्या क्षणी पायाखाली ब्रेक नव्हताच, हे त्यानं भुजंगाशिवाय कुणाला सांगितलं नाही.

मग भुजंगानं औताला बांधतात तशी वादी काढली, कच्च्या कातड्याची लांब पट्टी. वादी ओली करून आवळायची. वाळली की ती अशी धरते की लोखंडानं लाजावं. तीन महिने झाले, ठोकळे जागचे हलले नव्हते.

लोकांच्या हसण्याचं रखमाजीला काही वाटत नसे. त्याचा बाप विहिरीवर मोट हाकायचा, म्हणून लोक म्हणत, मोटंवरचं पोर मोटारीवर बसलं, आता 'र' तेवढा सांभाळ. तोही हसे. त्याला भीती वेगळीच होती. लोकांचं म्हणणं बरोबर निघालं तर? हे काम खरंच आपलं नसलं तर? ती म्हातारी रोज एकदा तरी त्याच्या डोळ्यांसमोरून जाई.

"गप का झाला?" साखराबाईनं विचारलं.

"काय न्हाई. अमीनसाहेब येऊन राह्यलेत."

परवाना द्यायचा की नाही हे पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या हातात होतं. ते आज स्वतः मोटारीत बसून राजूरपर्यंत येणार आणि परत येणार. परवाना मिळाला नाही तर काकासाहेब दुसरा माणूस बघणार होते, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मग उरली ती सर्कस. सर्कसवाल्यांचा माणूस दिवाळीत येऊन गेला होता. तोंडाला रंग लावायचा आणि रिंगणात पडायचं, एवढंच काम. संक्रांतीनंतर पुन्हा येतो म्हणाला होता. साखराबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. "तुमच्यावर हसून लोकांनी फेकलेल्या पैशाचं पीठ मला मळायचं न्हाई," एवढंच ती त्या रात्री बोलली होती.

अमीनसाहेब आले. उंच, किडकिडीत, खाकी कपड्यातले. त्यांनी गाद्या पाहिल्या, वाकून ठोकळे पाहिले आणि रखमाजीच्या शेजारी बसले. दार मात्र त्यांनी पुरतं लावलं नाही. ते बोटभर उघडं ठेवून एक हात त्यावर ठेवला, वेळ आलीच तर उडी मारायला. रखमाजीनं ते पाहिलं. काकासाहेब मागं बसले.

"चलो," अमीनसाहेब म्हणाले.

गावाबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. गिअर लोण्यासारखे पडत होते. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता आणि बायका काम थांबवून मोटारीकडं बघत होत्या. काकासाहेब मागून साहेबांना सांगत होते की आज संकष्टी, राजूरच्या गणपतीला गर्दी असते, लोक पायी जातात, मोटार झाली तर केवढी सोय होईल. साहेब हूं सुद्धा म्हणत नव्हते.

मग नदी लागली. पाणी गुडघाभरच होतं. पण मध्यावर मागचं चाक वाळूत रुतलं आणि मोटार कलली. पाणी तळाच्या फळ्यांमधून आत आलं आणि रखमाजीचे दोन्ही पाय, दोन्ही ठोकळे बुडाले. मागून एक बैलगाडी येत होती. त्या शेतकऱ्यानं बैल सोडून आणले, दोर लावला. दोर दोनदा तुटला. अर्धा तास रखमाजी पाण्यात पाय ठेवून क्लच दाबत आणि सोडत राहिला. शेवटी मोटार हिसका देऊन निघाली आणि काकासाहेबांनी "गणपतीबाप्पा" म्हणत निःश्वास टाकला.

पलीकडं लांब चढ होता. अर्ध्या चढावर रखमाजीनं सहज ब्रेक चाचपला. पायाखालचा ठोकळा गर्रकन एका बाजूला फिरला.

त्यानं एक हात खाली घालून बघितलं. वादी बुळबुळीत झाली होती, शिजवलेल्या शेंगेसारखी मऊ. तीन महिने त्यानं कोरड्या रस्त्यावरच मोटार चालवली होती. पाण्यात घालून पाहावी असं ना त्याच्या डोक्यात आलं, ना भुजंगाच्या. कोरड्यात आवळणारं कातडं पाण्यात सैल पडतं, हे कुणा शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं.

चढाच्या माथ्यावर त्यानं मोटार थांबवली आणि हाताचा ब्रेक ओढला. तो ब्रेक उभी गाडी धरी, पळती गाडी धरायचा त्यात दम नव्हता. समोर राजूरचा उतार होता. खाली रस्ताभर माणसं होती, बैलगाड्या, नारळवाले, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया.

"क्या हुआ?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"इंजिन तापलं असंल साहेब," मागून काकासाहेबच घाईनं म्हणाले. "पाणी पाजतो, बस." ते उतरून डबा घेऊन रखमाजीच्या बाजूला आले आणि आवाज खाली आणला. "काय रे?"

"वादी भिजली मालक. ब्रेकचा ठोकळा फिरून राह्यला."

काकासाहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "एकच तर उतार हाये. पह्यल्या गिअरात घे, जाती हळूहळू. तोंड उघडू नको."

"खाली माणसं हायेत."

"अन् घरी बायको न्हाई का? साहेबाला कळलं तर परवाना गेला म्हणून समज. मंग मला बोल लावायचा न्हाई."

ते खोटं नव्हतं. पहिल्या गिअरमध्ये मोटार दहातून नऊ वेळा नीट उतरली असती. रखमाजीलाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला रडू यायला लागलं. नुसतं गप्प बसायचं होतं. सर्कसवाल्याचा तोंडाला फासायचा रंग त्याच्या डोळ्यांपुढं आला, साखराबाईचं तोंड आलं, आणि मग ती मोळीवाली आली.

त्यानं खाली उडी मारली, मोटारीला वळसा घालून तो साहेबांच्या दाराशी आला.

"साहेब, गाडीला ब्रेक न्हाई."

"क्या मतलब, नहीं?"

"हाये, पण माझ्या पायापर्यंत येत न्हाई. वादी भिजली, ठोकळा ढिला झाला. मला आधी कळायला पाह्यजे होतं. कळलं न्हाई."

अमीनसाहेब उतरले. पलीकडून येऊन त्यांनी हातातल्या छडीनं ठोकळा ढोसला. तो लोंबकळला. "स्क्रू क्यों नहीं मारे?"

रखमाजीनं वाकून ठोकळा सरळ केला. काकासाहेब लांब कुठंतरी बघू लागले, जणू क्षितिजावर कापसाचा भाव लिहिलेला होता.

"अब?"

रखमाजीनं डोक्याचा पटका सोडायला घेतला. पटका त्याचा चांगला नऊ हात, दोन पेच जास्तीचे घालून बांधलेला. त्यानं उंची चार बोटं तरी वाढे, आणि त्या चार बोटांसाठी तो तासभर आरशासमोर घालवी. आता तो उघड्या डोक्यानं साहेबांसमोर उभा राहिला. माथ्यावरचे केस विरळ झाले होते.

"अरे, कुणी मेलं का तुझं?" काकासाहेब कळवळून म्हणाले. "साहेबासमोर बोडक्यानं?"

"डबा द्या मालक."

त्यानं पटका पाण्यात पिळून काढला. कातडं भिजलं की ढिलं पडतं आणि सूत भिजलं की गाठ आवळते, हे मोट ओढायच्या नाड्यावर, दोरावर वाढलेल्याला शिकवावं लागत नव्हतं. सकाळी तेवढं डोक्यात आलं नव्हतं, इतकंच. पेडलांशी बसून त्यानं वादी कापून टाकली, ठोकळा बसवला आणि पटक्याचा पिळा वेढ्यावर वेढा घालत आवळला. शेवटची गाठ दातांनी ओढली. उरलेल्या टोकानं क्लचचाही ठोकळा बांधला. मग माथ्यावरच्या सपाटीवर चार हात गाडी पुढं घेऊन तीनदा ब्रेक दाबून बघितला. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी थांबली.

अमीनसाहेब उभे राहून सगळं बघत होते. त्यांनी खिशातून परवान्याचा कागद काढला, रखमाजीकडं पाहिलं आणि घडी करून परत ठेवला.

"चलो," ते म्हणाले आणि बसले.

उतार कसा संपला हे रखमाजीला नंतर कधी नीट आठवलं नाही. आठवली ती एक बाई. लेकराचा हात धरून ती रस्त्याच्या मधूनच चालली होती आणि भोंग्याला दाद देत नव्हती. त्यानं ब्रेक दाबला. मोटार तिच्या मागं दोन हातांवर थांबली. बाईनं वळून पाहिलं, उघड्या डोक्याच्या त्या एवढ्याशा माणसाला बघून पदर तोंडाला लावून हसली आणि कडेला झाली. रखमाजीला तिचं हसणं फार गोड वाटलं.

राजूरला साहेबांनी चहा घेतला. दूर्वा विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं रखमाजीचं डोकं पाहून हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं रे बाबा?"

"कुणी न्हाई," रखमाजी म्हणाला.

काकासाहेब त्याच्याजवळ येऊन पुटपुटले, "हातानं घालवलंस. कागद परत खिशात गेला, पाह्यलं मी." घरी जाऊन साखराबाईला काय सांगायचं हे तो मनात जुळवू लागला. जुळेना.

परतीला नदी त्यानं वरच्या अंगानं, खडकावरून काढली. पाण्याबाहेर आल्या आल्या त्यानं दोनदा ब्रेक दाबून पाहिला. तो बरोबर लागला. पुढं सपाट रस्ता होता. ऊन तापलं होतं. कापसाच्या बाया जेवायला बांधावर बसल्या होत्या. साहेब आता तरी काही बोलतील, निदान शिव्या तरी देतील, म्हणून तो कान टवकारून बसला होता. अर्धा कोस गेला, कोस गेला.

शेवटी काकासाहेबांनाच राहवलं नाही. ते पुढं वाकले आणि रखमाजीच्या कानाशी कुजबुजले, "काय म्हणले रे साहेब? देते का न्हाई?"

रखमाजीनं शेजारी पाहिलं. दार पुरतं लावलेलं होतं. अमीनसाहेबांची मान मागं टेकली होती, तोंड थोडं उघडं होतं आणि दोन्ही हात मांडीवर सैल पडले होते.

"काहीच म्हणले न्हाईत," तो म्हणाला. "झोपलेत."

काकासाहेब मागं टेकून बसले. पुढं रस्त्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेला एक मोठा खड्डा होता. रखमाजीनं ब्रेकवर पाय ठेवला आणि साहेबांची झोप मोडणार नाही इतकाच दाबला.