लागलेले दिवे

वादळामुळे घरं सोडण्याचे हुकूम तीन टप्प्यांत निघाले. आधी किनाऱ्यावरची घरं, मग बाजारापर्यंतची, आणि आज सकाळी सूनबाईची गल्ली. पण हुकूम निघाला म्हणून कोणी लगेच घर सोडतं का? माणूस आधी खिडकीतून शेजाऱ्याकडे बघतो. सूनबाईही तेच करत होती.

दोन दिवस इस्पितळाच्या धुलाईघरात सलग पाळ्या करून ती दुपारीच परतली होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, जीभ तेवढी ठणठणीत. "मी इथून हलायची नाही! मागच्या खेपेला शाळेच्या बाकावर निजवलंत. वादळ आलंच नाही, माझी पाठ मात्र गेली."

चार वाजता नवऱ्याचा फोन आला. तो लोकांना हलवणारी बस चालवत होता.

"शेवटची फेरी पाचला, मग पूल बंद. आईला उचलायला येऊ का? पटकन सांग."

बाहेर भरदिवसा अंधारून आलं होतं. सूनबाईने पडदा सारला. समोर मास्तरांकडे दिवा लागला. मग कंपाउंडरकडे, मग पलीकडे, ओळीने, बरोबर एकेका मिनिटाने. कुठेतरी रेडिओ चालू होता. पण भांडं वाजत नव्हतं की पोर रडत नव्हतं. मास्तरांच्या खिडकीकडे तिने हात हलवला, तर सावलीसुद्धा दिसेना. वाऱ्यात काही ऐकू येत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"अहो, सगळी गल्ली इथंच आहे," ती म्हणाली. "आईंचे हाल कशाला उगाच? राहू दे."

"नक्की?"

"नक्की."

साडेपाचला वीज गेली. सगळे दिवे एकदम विझले, रेडिओ गप्प झाला. सूनबाईने मेणबत्ती लावली आणि समोर कोण लावतंय ते बघत राहिली. कोणीच लावली नाही. एरवी वीज गेली की गल्लीत केवढा गलका उठायचा! तिने खिडकीतून मास्तरीणबाईंना हाका मारल्या. ओ आली नाही.

इतक्यात दार वाजलं. दारात कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी उभे होते, चिंब भिजलेले, हातात टॉर्च.

"गाडी कधी येतेय तुमची?" त्यांनी विचारलं.

"गाडी? आम्ही इथंच थांबलोय. सगळे थांबलेत ना!"

"कोणी नाही, सूनबाई. सकाळीच गेले सगळे." घड्याळजींनी टॉर्च समोरच्या घरांवर फिरवला. "चोरांना घरात माणसं वाटावीत म्हणून मी प्रत्येकाच्या दिव्याला घड्याळ बसवून दिलं, एकाच्या रेडिओलाही. ठरल्या वेळी दिवा आपोआप लागायचा. कोणाजवळ बोलायचं नाही, असं ठरलं होतं. तुम्ही कामावर होतात, तुमचं तेवढं राहिलं."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

त्यांनी मेणबत्तीकडे बोट दाखवलं.

"गल्लीत खरा दिवा तुमचा एकच. म्हटलं, ज्यांचा माणूस स्वतः बस चालवतो ते थांबलेत, म्हणजे शेवटची गाडी इथं येणारच."

सूनबाईला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने टॉर्चच्या उजेडात खाली पाहिलं. घड्याळजी घोटाभर पाण्यात उभे होते.

आतून सासूबाईंनी हाक मारली. एवढा लहान आवाज तिने त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बस आली का गं? मला न्या आता. मी नाही काही बोलणार."