साहेबांनी मान हलवली

मी साहेबांच्या उजव्या कानातलं मशीन बोलतोय. हळूच बोलतो, कारण मी आहे हे तिघांनाच ठाऊक आहे: साहेब, बाईसाहेब आणि मला बसवणारा डॉक्टर. एवढ्या बलाढ्य देशाचा प्रमुख बहिरा, हे चारचौघांत कळलं तर काय राहिलं?

मी शेंगदाण्याएवढा, कातडीच्या रंगाचा. साहेबांच्याच कानाचं माप घेऊन मला घडवलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कानात मी बसणार नाही. दर सोमवारी बाईसाहेब चष्मा लावून माझा सेल बदलतात आणि पुटपुटतात, "माझं नाही तर नाही, लोकांचं तरी ऐकू दे बाबा यांना."

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग साहेबांना माझ्या बटणाचा नाद लागला. कुणी कंटाळा आणला की कान खाजवल्यासारखं करायचं आणि मला बंद करायचं. समोर ओठ हलत राहतात, साहेब अधूनमधून मान हलवतात. माणसं खूश होऊन जातात. म्हणतात, किती शांतपणे ऐकून घेतात! एक गोष्ट मात्र साहेबांना माहीत नाही. बटण दाबलं की त्यांचं ऐकणं थांबतं, माझं नाही.

त्या मंगळवारी सकाळी चहा घेताना बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, टिल्लू सीमेवरच्या पहिल्याच चौकीत आहे."

टिल्लू म्हणजे नातू. सहा फूट उंच झालाय, पण घरात टिल्लूच.

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? आज बैठकीत लढाईला नाही म्हणून टाकतो. विषय संपला."

बाईसाहेबांनी न विचारताच त्यांचा कप पुन्हा भरला.

बैठकीच्या खोलीला खिडकी नाही. लांब टेबल, अकरा माणसं, झाकलेले पाण्याचे ग्लास. सेनापतींचा आवाज रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखा. कुठून किती रणगाडे जातील ते त्यांनी वाचायला घेतलं. चौथ्या पानावर साहेबांचं बोट कानाकडे आलं.

साहेबांपुरती खोली मुकी झाली. सेनापतींनी कागद मिटले आणि विचारलं, "साहेब, मग निघायचं का?"

साहेबांनी मान हलवली.

मी घाबरलो. शीळ घालायला गेलो, तेवढंच मला जमतं. पण बंद मशीनला शीळ कुठली? परराष्ट्रमंत्री आठ दिवस नको नको म्हणत होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग स्वतःच्या नखांकडे. सेनापतींनी फोनवर दोन शब्द सांगितले. खुर्च्या सरकलेल्या पाहून साहेबांनी मला सुरू केलं.

"पहिली तुकडी निघाली," सेनापती म्हणाले.

साहेबांचा श्वास अडकला. मी त्यांच्या हाडाला टेकलेला असतो, मला कळतं.

परराष्ट्रमंत्री जवळ येऊन म्हणाले, "साहेब, अजून अर्धा तास आहे. परत बोलावता येईल."

हे साहेबांनी ऐकलं. मीच ऐकवलं, अगदी स्वच्छ. 'मला मघाशी ऐकू आलं नव्हतं,' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी अकरा चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"नको," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

दुपारी बाईसाहेब दारातच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि साहेबांचं बोट कानाकडे आलं.

"नाही म्हणालात ना?"

साहेबांनी मान हलवली.

तेव्हापासून साहेबांनी मला पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, कापसात. तीन सोमवार गेले, सेल संपला. तरी ऐकू येतंच. दिवसभर काचा थरथरतात.

आज सकाळी बाहेर फोन वाजला. बाईसाहेबांनी उचलला. "हो, आजीच बोलतेय." मग, "कधी?"

आता त्या आत आल्या आहेत. साहेबांसमोर उभं राहून म्हणाल्या, "अहो, आपला टिल्लू गेला."

साहेबांनी हसून मान हलवली.

बाईसाहेब ड्रॉवर उघडतायत. हातात नवा सेल आहे. बाईसाहेब, जन्मभर मी ऐकवायलाच धडपडलो. पण आज नको. आजचा दिवस मला बंदच राहू द्या.