चढणीचा गिअर

हातखंब्याच्या चढणीला फटफटीचा दुसरा गिअर पुन्हा सुटला. इंजिन नुसतंच बोंबलू लागलं, चाकं थबकली आणि सगळं धूड, बाजूला जोडलेल्या पाळण्यात बसलेल्या सोहोनी डॉक्टरांसकट, मागे घसरू लागलं. धाकूने घाईघाईने ब्रेक दाबला. डॉक्टर औषधांची पेटी घेऊन खाली उतरले आणि चढण चालू लागले. चिडून चार शिव्या दिल्या असत्या तर धाकूला बरं वाटलं असतं.

वर पोहोचल्यावर ते म्हणाले, "हे बघ धाकू, पुढच्या पालीच्या खेपेला जमलं तर ठीक. नाहीतर केरूलाच सांगतो, त्या दिवसापुरता ये म्हणून. तू आपला पूर्वीसारखा दवाखान्यात बाटल्या धू."

बाटल्या धुण्यात धाकूला काही कमीपणा वाटत नव्हता. त्याला झोंबलं ते केरूचं नाव.

काही माणसं देवाने दुसऱ्याच्या डोळ्यांत खुपण्यासाठीच घडवलेली असतात. केरू तसा होता. उंच, रुंद छातीचा, हसला की समोरचाही उगाच हसे. डॉक्टरांनी ही जुनी फटफटी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली, तेव्हापासून केरूच ती चालवायचा. आता तो कोल्हापूर रस्त्यावरच्या उतारूंच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर झाला होता. खाकी कोट, डोक्यावर टोपी. वाटेतल्या म्हाताऱ्या त्याला फणसाचे गरे आणून देत. धाकूला कधी कोणी चिंचेचं बुटूकही दिलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी धाकूने सोसलं असतं. पण त्याची बायको चिमा, हिचं लग्न आधी केरूशी ठरत आलं होतं. केरूच्या आईने देवाला कौल लावला. कौल डावा पडला आणि सोयरीक मोडली. पुढे धाकूसाठी लावला तेव्हा उजवा पडला. म्हणजे बायको त्याला देवाने दिली होती, यात शंका नव्हती. पण ती केरूच्या हातून काढून दिली होती, हेही तो कधी विसरला नाही. वाडीतल्या यच्चयावत पुरुषांना चिमा दादा नाहीतर भावजी म्हणे. केरूचं नाव मात्र ती घेतच नसे. ते धाकूने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हेरलं होतं.

त्या आठवड्यात त्याने फटफटीचं करायचं काही बाकी ठेवलं नाही. गिअरचा दांडा टाकीच्या उजव्या अंगाला होता, खाचा पाडलेल्या पट्टीतून पुढे-मागे सरकवायचा. धाकूने त्या खाचा रॉकेलने धुतल्या. दांड्याखालची सळई सोडून पुन्हा आवळली. क्लचची तार ताणली, मग सैल केली. सपाटीला सगळं झकास चाले. चढ आला, इंजिनावर जोर पडला, की दांडा खाचेतून टुणकन उडे.

शेवटी त्याच्या मनाने घेतलं, की केरूने काहीतरी करून ठेवलंय. त्याने गुरवाला गाठून देवाला कौल लावला, "केरूनं फटफटीवर कायतरी केलान हाय काय?" कौल चटकन उजवा पडला. मग काय विचारता! हँडलला लिंबू बांधलं, काळा दोरा बांधला, पुढच्या चाकाखाली नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी गिअर लिंबासकट सुटला.

तेव्हा तो फटफटी घेऊन तडक मोटारीच्या अड्ड्यावर गेला.

"केरू, खरा सांग. काय करून ठेवलंस तू गाडीला?"

केरू बॉनेट पुसत होता. तो मोठ्याने हसला. "मी काय करतंय रे? दांडा टाकायचो नि जायचो."

"मग माज्याच हातात कसा सुटतो?"

"चल, बस पाळण्यात."

केरूने फटफटी मारुती मंदिराच्या चढावर घातली. धाकू पाळण्यात बसून डोळ्यांत तेल घालून त्याचे हात बघत होता. दांडा दुसऱ्या खाचेत पडला आणि चढ संपेपर्यंत तिथून हलला नाही. परत आले तेव्हा अड्ड्यावरचे हमाल वाट बघतच होते.

"गाडी मालक वळखते रं धाकू!" एकजण ओरडला.

"नाय रे," केरू भला माणूस, तो धाकूच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हात बसंल तुजा. मना खरंच ठावं नाय मी काय करतंय ता." केरूने शिवी दिली असती तर परतफेड करता आली असती. या भलेपणाचं काय करायचं ते धाकूला कळेना.

रात्री चुलीपुढे बसून त्याने सगळं ओकून टाकलं. केरू लबाड आहे, मुद्दाम लपवतो, त्याला परत फटफटीवर बसायचंय. चिमा भाकरी थापत ऐकत होती. मग म्हणाली, "त्याला खरंच ठावं नसल. तो ढोपरानं धरायचा."

"काय धरायचा?"

"दांडा. चढण लागली की उजवा ढोपर दांड्याला दाबून बसायचा. वर पोचेस्तोवर काढायचा नाय. इजार तिथंच झिजलेली व्हती त्याची. ठिगळ व्हता."

धाकूला पाळण्यात बसून ते दिसणं शक्य नव्हतं. मधे टाकी येत होती.

"तुला कुठनं दिसला?"

"माज्या माहेरची, हातखंब्याची विहीर. रस्त्यापाशीच हाय. पाणी भरताना दिसायचा."

"पाणी भरताना बैलगाड्यापण जात असतील रस्त्यानं," धाकू म्हणाला. "त्यातल्या कुठल्या बैलाचा शिंग मोडका व्हता, सांग बगू?"

चिमाने भाकरी उलटली. ती करपली होती.

सकाळी दवाखान्यापाशी त्याने उभ्या फटफटीवर बसून पाहिलं. चिमाचं बरोबर होतं. नेमकं कुठे दाबायचं तेही कळलं. पण केरूची तंगडी लांब, आणि धाकूचं ढोपर दांड्याला पोचेना. एवढंच कमी होतं! रात्री त्याने ते घरी सांगितलं; दुसऱ्या दिवशी निघताना चिमाने जुन्या लुगड्याची जाड घडी त्याच्या गुडघ्याला बांधली आणि ती आत निघून गेली. ती घडी भिरकावून द्यावी असं त्याला फार वाटलं. पण मग केरू आलाच असता.

पालीला जायच्या दिवशी हातखंब्याची चढण लागली. धाकूने दांडा दुसऱ्या खाचेत टाकला आणि गुडघा दाबला. इंजिनाने जोर घेतला, दांडा थरथरला, उडू पाहू लागला, पण सुटला नाही. फटफटी म्हशीसारखी संथ, एका सुरात वर चढू लागली. उजव्या हाताला ती विहीर आली. बायका पाणी भरत होत्या. धाकूने मान वळवून पाहिलं. विहिरीवरून फटफटी दिसली असती, माणूसही दिसला असता. गुडघ्यावरचं ठिगळ दिसायला मात्र कळशी खाली ठेवून पार रस्त्याच्या कडेपर्यंत यायला हवं होतं. धाकूने गुडघा आणखी जोरात दाबला.

वर पोहोचताच डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "शाबास! अगदी केरूची आठवण करून दिलीस." धाकू "जी" म्हणाला.

संध्याकाळी घरी उतरताना डॉक्टर म्हणाले, "आज फटफटी घेऊन जा घरी. सकाळी आण." हा मान आजवर फक्त केरूला होता. धाकू कुवारबावला आपल्या घरी निघाला. घरापाशी चढ होता. रोज तो तिथे येईतो काळोख झालेला असे आणि तो पायी असे. आज उजेड होता. त्याने दांडा टाकला, गुडघा दाबला, आणि फटफटी एका सुरात, कुठेही न अडखळता वर आली.

तो आवाज ऐकून चिमा घरातून धावत बाहेर आली. हात पिठाने भरलेले होते. पिठाच्याच हाताने कपाळावरचे केस मागे सारत, पदर सावरत ती कुंपणापाशी आली आणि रस्त्याकडे बघू लागली. तिचा असा चेहरा धाकूने लग्नात पाहिला नव्हता, नंतरही नाही.

फटफटी तिच्यासमोर येऊन थांबली.

"तुमी व्हय?" चिमा म्हणाली.

"मीच," धाकू म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं. ती आत गेली तरी तो बराच वेळ खाली उतरला नाही.