आसेगावच्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस

मित्रांनो, आसेगावच्या विश्रामगृहामागे गवतात जस्ती पत्र्याचं एक नळकांडं उभं आहे. तो मी, एक जुना पर्जन्यमापक. माझ्या तोंडाशी नरसाळं आहे आणि पोटात काचेची बाटली. चौकीदार धनसिंग रोज सकाळी आठ वाजता बाटलीतलं पाणी मापात ओतून वहीत आकडा लिहायचा. तपासणीला आलेले अधिकारी माझी वाखाणणी करत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

१९५४च्या वैशाखात अवकाळी पाऊस पडला. गावची विहीर आटली होती. धनसिंगची बायको कमलीबाई सात महिन्यांची गरोदर होती आणि दोन मैलांवरच्या नदीवरून पाणी आणून थकली होती. तिने पन्हाळीखाली चार घागरी भरून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून एक शास्त्रज्ञ आले. त्यांनी माझी बाटली काढून तिचं तोंड लाखेने बंद केलं.

"साहेब, पावसाचं पानी कायले घेऊन चालले?" धनसिंगने विचारलं.

"दूर समुद्रात मोठ्या बाँबची चाचणी झाली. तिची विषारी राख वाऱ्यावर चढली आहे. इथवर आली का, ते पाहायचंय."

"फोडनाऱ्याइले वाऱ्याचं ठाऊक नव्हतं?"

"होतं. त्यांनी वाऱ्याचे नकाशे मांडले, जवळची बेटं पाहिली आणि धोका थोडा आहे असं ठरवलं. पण स्फोट अंदाजापेक्षा मोठा झाला. राख माणसांवर पडली."

"अन् आमाले धरलं होतं का त्या हिशेबात?"

साहेब बाटलीवर तारखेची चिठ्ठी चिकटवू लागले. कमलीबाई दारातून ऐकत होती.

"हे पानी पिऊ का नको, तेवढं सांगा," ती म्हणाली.

"बहुधा काही होणार नाही, बाई. पण तपासल्याशिवाय प्या असं मी म्हणू शकत नाही."

दोन दिवस ती तेच पाणी पीत होती. तिने चारही घागरी गुरं जात नाहीत अशा खडकावर नेऊन ओतल्या आणि एक रिकामी घागर उचलून नदीची वाट धरली. धनसिंगने ती तिच्या हातून काढून घेतली.

आषाढात मुंबईहून पत्र आलं. 'प्रमाण अल्प आहे. काळजीचं कारण नाही. यापुढे प्रत्येक पावसाची बाटली पाठवावी.'

"अल्प म्हंजे किती, हे काहून लिवलं नाई?" धनसिंग म्हणाला. "अन् कारन नाई, त बाटल्या कायले पायजेत?"

कमलीबाईच्या मांडीवर आठ दिवसांची रुपा होती, धडधाकट. तरी कमलीबाई रोज तिची बोटं मोजायची.

आज १९५८ साल आहे. समुद्रातल्या चाचण्या थांबलेल्या नाहीत. माझ्या पत्र्याला गंज चढला आहे, वहीची पानं वाळवी खाते, पण बाटल्या वेळेवर जातात. पाऊस लागला की रुपा ओंजळ पुढे करते आणि कमलीबाई तिला मनगट धरून आत ओढते.

मित्रांनो, माझं नरसाळं स्वच्छ ठेवा. पण पाऊस किती पडला एवढंच मला सांगता येतं. त्यातून काय पडलं, ते नकाशे मांडणाऱ्यांना विचारा, आणि पुढची चाचणी ठरण्याआधी विचारा.